ढोल राहू दे, तडतड जाऊ दे: जुन्या बुलेटच्या सायलेन्सरचं काम

ढोलाचा ठोका छातीत बसतो आणि ताशाची तडतड कानात. मिरवणुकीत दोन्ही हवेत, पण बुलेटच्या सायलेन्सरमधून फक्त ढोल यावा, एवढं एकच ठरवून हे काम हाती घेतलं. बाजारात इंदोरी, पंजाब वगैरे नावांनी मिळणारे बहुतेक सायलेन्सर नेमके उलटं करतात. आत जवळजवळ मोकळी नळी, जेमतेम एखादी जाळी, पातळ पत्रा. आवाज मोठा होतो, पण वाढतो तो ताशा. गल्लीतल्या लोकांचं डोकं उठतं तेही त्याच तडतडीनं.

गाडी नव्वदच्या दशकातली कास्ट आयर्न स्टँडर्ड ३५०. ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०, उजव्या पायाला गिअर, पॉइंटचं इग्निशन, मिककार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटर. या इंजिनाला कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाही की ऑक्सिजन सेन्सर नाही, म्हणून सायलेन्सर आतून नवा बांधायचा विचार तरी करता आला. नव्या गाड्यांमध्ये कॅटकॉन असतो. तो कापला की धुराचे आकडे बिघडतात, इंजेक्शनची गाडी पेट्रोल-हवेचं मिश्रण सांभाळताना गोंधळते आणि पीयूसीला तोंड दाखवता येत नाही. पुढे लिहिलेलं तसल्या गाडीवर करू नये.

सुरुवातीची अवस्था अशी होती: सायलेन्सरचा तळ सडलेला, आतले पडदे कधीतरी कुणीतरी सळई घालून फोडलेले, आणि इंजिनाच्या हेडच्या तोंडाशी बेंड पाईप (हेडपासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) हातानं हलतोय. आवाज प्रचंड, पण ठोका हरवलेला.

ठोका म्हणजे काय ते आधी पाहू. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट. १००० आरपीएमला सेकंदाला साधारण ८ स्फोट, ३००० ला २५. आयडलवर हे ठोके कान सुटेसुटे मोजू शकतो. बुलेटची ओळख तीच. त्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरच्या पट्टीतले आवाज येतात. गॅस फुटक्या कडेवरून वेगानं गेला की शिट्टी, पातळ पत्रा थरथरला की खणखण, सांध्यातून गळती झाली की चटचट. खालच्या पट्टीला वाट मोकळी ठेवायची आणि वरची पट्टी शोषून घ्यायची, एवढंच सायलेन्सरकडून हवं असतं. सायलेन्सरमध्ये भरलेलं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, हेच करतं. वरच्या पट्टीचा आवाज त्याच्या तंतूंमध्ये अडकून जिरतो. खालच्या पट्टीची लाट इतकी लांब असते की दोन-अडीच सेंटीमीटरच्या थराचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

हे मोजताही येतं. साउंड लेव्हल मीटरवर ए आणि सी अशा दोन पट्ट्या असतात. ए पट्टी माणसाच्या कानासारखी खालचा आवाज कमी धरते. १०० हर्ट्झच्या आवाजातून ती जवळपास १९ डेसिबल वजा करते, १००० हर्ट्झला काहीच नाही. सी पट्टी खालचा आवाज बराचसा जसाच्या तसा दाखवते. त्यामुळे एकाच जागी दोन्ही आकडे घेतले आणि सी मधून ए वजा केला, की ढोल किती आणि ताशा किती याचा अंदाज येतो. फरक मोठा, तेवढा आवाज खोल. कायदा आणि शेजारी दोघंही ए च्या आकड्यावर चालतात. म्हणून ए वाढू न देता हा फरक वाढवायचा, असं कामाचं उद्दिष्ट ठेवलं.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो, कारण नळीचा व्यास ठरवण्यापर्यंत त्याचा संबंध येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकानं केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२) लागतं. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना ३ महिने अपात्र ठरण्याची तरतूद आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना चालत्या गाडीच्या चाचणीत ८० डेसिबल ए ही मर्यादा आहे. ही गाडी जुनी असली तरी धोरण तसंच कडक ठेवलं: नव्या मूळ सायलेन्सरच्या आकड्याच्या वर जायचं नाही. बाहेरची बाटली, म्हणजे सायलेन्सरचं बाहेरून दिसणारं पोट, मूळ आकाराची राहिली तरी कायद्याच्या भाषेत हा बदल ठरू शकतो. मीटरचा आकडा हातात असला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. ज्याला ही जोखीम नको, त्यानं कंपनीचा नवा सायलेन्सर आणून पुढचा गळतीचा आणि कार्ब्युरेटरचा भाग तेवढा करावा. आवाज निम्मा तिथेच सुधारतो.

मोजणीसाठी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुटीच्या दिवशी मोकळं असणारं पटांगण निवडलं. शहरातल्या उड्डाणपुलाखाली, द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याला ऐकलेल्या आवाजावर कधीच विश्वास ठेवू नये. वरचा स्लॅब आणि बाजूचे खांब आवाज परत फेकतात आणि कसलाही सायलेन्सर भारदस्त वाटतो. मीटर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, तोंडाच्या उंचीवर, नळीच्या रेषेशी ४५ अंशांत, पण गॅसच्या झोताबाहेर. तीन मीटरच्या आत भिंत किंवा उभी गाडी नको. आजूबाजूचा आवाज मोजायच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबल कमी हवा. इंजिन गरम करून २८०० आरपीएमला धरायचं, कारण या इंजिनाची कमाल ताकद ५६०० च्या आसपास येते आणि उभ्या गाडीच्या चाचणीत तिचा निम्मा वेग घेतात.

बुलेटला आरपीएमचा काटा नाही. प्लगच्या वायरला चिमटा लावायचं टॅकोमीटर वापरलं आणि पहिल्याच मोजणीत घोळ झाला. अनेक आधुनिक मोटारसायकलींत प्लग प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतो. या बुलेटचा डिस्ट्रिब्युटर कॅमच्या गतीनं, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या गतीनं फिरतो, त्यामुळे ठिणगी दोन फेऱ्यांत एकच. मीटर ‘दोन फेऱ्यांत एक ठिणगी’ वर नसेल तर तो निम्मा आकडा दाखवतो आणि आपण २८०० समजून इंजिन ५६०० ला ओढत राहतो.

पहिले आकडे: फुटका जुना सायलेन्सर ९७ ए, उसना आणलेला नवा मूळ सायलेन्सर ८९ ए. सी आणि ए मधला फरक फुटक्याचा ६, मूळचा ९. फुटका सायलेन्सर मोठा होता आणि पोकळही.

गळती आधी

सायलेन्सरला हात लावण्याआधी गळती शोधावी. थंड इंजिन चालू करून ओलं जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं सांध्यांशी कान लावायचा. गळती असेल तिथे फुसफुस येते. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात, पण पाईप तापायच्या आत. हेडच्या तोंडाशी काळी काजळी दिसली तर चाचणीचीही गरज नाही.

कास्ट आयर्न बुलेटचा बेंड पाईप हेडमध्ये नुसता सरकवून बसवलेला असतो. दोन नटांचा फ्लँज नाही. पाईपाला आधार खालच्या पट्टीचा आणि मागे सायलेन्सरचा. ती पट्टी सैल झाली की पाईप थरथरतो, भोक झिजतं, आणि चटचट सुरू होते. ही चटचट टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाच्या) आवाजासारखीच ऐकू येते. टॅपेट पुन्हा पुन्हा आवळत बसण्याचं कारण अनेकदा हेच. आवळलेल्या टॅपेटनं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. म्हणून आधी टॅपेट पाहून घ्यावा: इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगीचं टायमिंग मागे पडलेलं असेल तर मिश्रण जळत जळतच बाहेर येतं, पाईप निळा पडतो आणि कितीही चांगला सायलेन्सर लावला तरी आवाज भसाडा येतो. डीकॉम्प्रेसरचा (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणारा) छोटा व्हॉल्व्हही बसत नसेल तर तिथून वेगळी फुसफुस येते. तोही त्याच वेळी घासून बसवला.

सांध्यात व्हर्नियर लावल्यावर पाईप आणि भोक यांच्यात व्यासाला ०.४ मिलिमीटर फट निघाली. पाईपाच्या बाहेरून ०.२ मिलिमीटरचा तांब्याचा पत्रा एक वेढा दिला. वेढा दोन्ही बाजूंनी येतो, म्हणजे ०.४ भरून निघते. तांबं आधी लालसर तापवून पाण्यात विझवलं की मऊ होतं आणि भोकाच्या आकारात दाबलं जातं. वरून एक्झॉस्टची फायर सिमेंट पेस्ट पातळ लावली. गॅसकेटचं लाल सिलिकॉन इथे वापरू नये. ३०० अंशांच्या आसपास त्याची ताकद संपते आणि हेडचं तोंड त्याहून खूप तापतं. आठवड्याभरात ते पावडर होऊन उडून जातं. पेस्ट लावल्यावर रात्रभर वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी इंजिन दोन-दोन मिनिटं चालू करून बंद, असं तीन वेळा. एकदम तापवलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन पेस्ट फुटते.

खोलताना दोन गोष्टी. आदल्या रात्री गंजाचं तेल सोडायचं आणि पाईप गोल फिरवत काढायचा, हातोडी मारायची तर लाकडी. हेडचं तोंड ब्रशनं साफ करताना व्हॉल्व्ह बंद असावा आणि आत चिंधी कोंबलेली असावी. नंतर ती चिंधी आठवणीनं काढावी.

जाळीची नळी

सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे ३०४ स्टेनलेसचे तुकडे किलोवर मिळतात, भोकं पाडलेल्या पत्र्याचे कापही. या शहरात या कामाची निम्मी सोय त्यामुळेच होते. रोलिंग, लेथ, टिग (आर्गॉन) वेल्डिंग, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. साधा सीआर (कोल्ड रोल्ड लोखंडी) पत्रा स्वस्त पडतो, पण आतून सडतो. कारण पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. कॉलेज रोडवरून कॅनडा कॉर्नर आणि परत, एवढ्याच फेऱ्या मारल्या तर सायलेन्सर तापतच नाही आणि आम्लयुक्त पाणी तळाशी साठतं. जुना सायलेन्सर तिथेच सडला होता.

भोकांचा पत्रा १.२ मिलिमीटर जाड, भोक ३ मिलिमीटर, दोन भोकांच्या मध्यातलं अंतर ५, एकाआड एक रांगा. असं केलं की साधारण ३३ टक्के जागा उघडी राहते. याच्या खूप खाली गेलं तर ग्लासवूलपर्यंत आवाज पोचत नाही, खूप वर गेलं तर नळी कमकुवत होते आणि वूल भोकांतून ओढलं जातं. नळीचा आतला व्यास ३६ मिलिमीटर धरला, म्हणजे या बेंड पाईपाच्या आतल्या व्यासाएवढाच. रोल करायच्या पट्टीची रुंदी आतल्या व्यासावरून काढली तर नळी लहान होते. पत्र्याच्या जाडीचा मध्य धरायचा: ३६ अधिक १.२ म्हणजे ३७.२, गुणिले ३.१४, म्हणजे ११७ मिलिमीटर. जोड आतून कानशीनं सपाट करायचा. आत वेल्डचा उंचवटा राहिला तर तिथेच शिट्टी तयार होते.

आधी एक नळी ४४ मिलिमीटरची करून पाहिली होती. मोठी नळी म्हणजे मोठा ढोल, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात गॅसचा वेग पडला, खालच्या आरपीएमची ओढ मेली आणि आवाज पिंपात बोलल्यासारखा पोकळ झाला. बेंड पाईपाच्या व्यासाएवढी नळी, हेच या इंजिनाला पटतं.

बाहेरची बाटली जुन्याच आकाराची, ९० मिलिमीटर आतला व्यास, नळीभोवतीची लांबी ४५० मिलिमीटर, पत्रा १.२. एक मिलिमीटरखालचा पत्रा बुलेटच्या थरथरीनं स्वतःच वाजतो. बाटली दोरीला टांगून बोटाच्या गाठीनं ठोकून पाहावी. घंटेसारखी घुमली तर रस्त्यावरही घुमणार.

यात झालेली सगळ्यात महागडी चूक वेल्डची होती. जाळीची नळी दोन्ही टोकांना टोप्यांना वेल्ड केली. साधारण ३०० किलोमीटरनंतर मागच्या टोपीच्या वेल्डला केसासारखी चीर पडली आणि तडतड परत आली. कारण साधं आहे. ३०४ स्टेनलेस एका अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन वाढतं. आतली नळी बाहेरच्या बाटलीपेक्षा ४०० अंश जास्त तापली तर ४५० मिलिमीटर लांबीला ३ मिलिमीटर वाढ होते. दोन्ही टोकं बांधलेली असतील तर ती वाढ वेल्डवर जाते. उपाय म्हणून पुढचं टोक वेल्ड आणि मागचं टोक टोपीतल्या २० मिलिमीटरच्या कॉलरमध्ये सरकतं ठेवलं, थंड असताना ४ मिलिमीटर मोकळी जागा सोडून.

वेल्डिंग टिगनंच करून घ्यावं. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल ची तार, ३०४ साध्या लोखंडाला जोडताना ३०९एल. १.६ मिलिमीटरची तार पुरते. अंतर नीट यावं म्हणून गाडीवर फक्त तीन-चार टॅक (वेल्डचे ठिपके) मारायचे. त्याआधी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवायची आणि बॅटरीची वायर सोडायची. पूर्ण वेल्ड टेबलावर. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाईप या कामात कुठेही आणू नये. वेल्ड करताना त्याचा धूर विषारी होतो.

भरण

इथे बरेच जण घाई करतात आणि आवाज खरा इथेच ठरतो.

छतात किंवा एसीच्या डक्टला वापरतात ते पिवळं ग्लासवूल चालत नाही. त्याचे तंतू चिकटवलेला राळेचा अंश तापला की जळतो, आधी घाण वास येतो, मग वूल आक्रसून एका बाजूला बसतं. ई-ग्लासची सुईनं विणलेली चटई, नीडल मॅट, घ्यायची. त्याआधी नळीवर स्टेनलेस वूलचा एक पातळ थर गुंडाळायचा. गॅसचे धक्के तो झेलतो आणि त्याच्यावरचं ग्लास पिंजलं जात नाही. जुन्या भरणात ॲस्बेस्टॉसची दोरी निघण्याची शक्यता असते. ती कोरडी खरवडू नये, ओली करून पिशवीत बांधून बाजूला करावी. ग्लास हाताळताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क हवेतच. अंगावर बसलेले तंतू धुवायला थंड पाणी घ्यावं.

किती भरायचं याचा हिशोब: बाटलीच्या पोटातून नळीची जागा वजा केली तर साधारण २.३ लिटर उरतात. लिटरमागे ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २६० ग्रॅम. पहिल्या वेळी ठासून ४०० ग्रॅम बसवलं. जास्त वूल म्हणजे जास्त शोषण, हा तर्क चुकला. ठासलेलं वूल भिंतीसारखं वागतं, आवाज आत शिरतच नाही आणि परत फिरतो. आकडा ९३ आला आणि आवाज पत्र्याच्या डब्याचा. काढून २६० ग्रॅम भरलं तेव्हा तोच सायलेन्सर गुरगुरायला लागला. फार सैल भरलं तर वूल सरकतं आणि वर पोकळी राहते. अंगठ्यानं दाबल्यावर दबून हळूहळू परत वर यावं, एवढं घट्ट. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हिशोबाला पुरतो.

चटई नळीवर एकाच दिशेनं गुंडाळून वरून सुती दोऱ्यानं बांधली, मग गोल फिरवत बाटलीत सरकवली. दोरा पहिल्याच प्रवासात जळून जातो आणि चटई फुलून बाटलीला टेकते.

मागच्या तोंडात २६ मिलिमीटर आतल्या व्यासाची, १२० मिलिमीटर लांब, पुढून शंकूसारखी निमुळती होत जाणारी तुकडा-नळी बसवली. ३६ वरून २६ म्हणजे वाट जवळपास निम्मी. तीच ए चा आकडा खाली आणते. ती बोल्टवर सुटी ठेवता येते, बाजारातल्या बऱ्याच सायलेन्सरला असतेही. इथे ती वेल्ड करून टाकली. सुटी ठेवली की कधीतरी काढली जातेच, आणि काढली की सगळा हिशोब गेला.

सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, पाणी जायला. ते पुढच्या टोपीच्या मागे ५० मिलिमीटरवर, जमिनीकडे तोंड करून आहे.

बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी हेडचं तोंड, मग खालची पट्टी, मग सायलेन्सर-बेंडचा क्लॅम्प, सर्वांत शेवटी मागचा माउंट. सगळे बोल्ट आधी बोटांनी लागले पाहिजेत. एखादा बोल्ट पाईप खेचून लावावा लागत असेल तर तो ताण पुढे चीर होऊन बाहेर येतो. मागे रबरी बुश ठेवावा. नायलॉनच्या रिंगचे नट सायलेन्सरजवळ वितळतात, पूर्ण लोखंडी लॉकनट वापरावेत. आट्यांना कॉपर ग्रीस. पहिल्या ५० किलोमीटरनंतर, थंड झाल्यावर, सगळे बोल्ट पुन्हा पाहावेत.

कार्ब्युरेटर

नवा सायलेन्सर फुटक्यापेक्षा बंद आणि मूळपेक्षा थोडा मोकळा. मोकळा झाला की मिश्रण पातळ होतं. थ्रॉटल सोडल्यावर फटफट, प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक, चढावर इंजिन दमल्यासारखं, ही त्याची लक्षणं. थ्रॉटल सोडल्यावरच्या फटफटीला बरेच जण दाद देतात. पण तिचा अर्थ एवढाच, की सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पाईपात जळतंय. किल्ली बंद-चालू करून फटाके काढणं तर वूल उडवायची आणि व्हॉल्व्ह जाळायची खात्रीची रीत आहे.

व्हीएम कार्ब्युरेटरमध्ये पाव थ्रॉटलपर्यंत पेट्रोल ठरवतो पायलट जेट (बारीक भोकाची नळी) आणि हवेचा स्क्रू, पाव ते पाऊण नीडल, त्यापुढे मेन जेट. हवेचा स्क्रू आत म्हणजे मिश्रण घट्ट, बाहेर म्हणजे पातळ. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. इथे मेन जेट मूळपेक्षा एकच पायरी मोठा, क्लिप एक खाच खाली, हवेचा स्क्रू दीड फेरीवरून सव्वा फेरीवर. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग त्र्यंबक रोडला चढाउतारावर चालवून पाहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर काय कशानं झालं ते कळत नाही. प्लग पाहायचा तर ज्या थ्रॉटलची शंका आहे त्या थ्रॉटलवर दोन-तीन किलोमीटर धरून, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करून, प्लग काढायचा. आयडलवर घरापर्यंत आणलेला प्लग फक्त आयडलची साक्ष देतो. फिकट तपकिरी रंग आला तेव्हा थांबलो.

मग पीयूसी. ३१ मार्च २००० आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. मशीनवर २.८ आला. घट्ट मिश्रणानं आवाज मऊ होतो म्हणून आणखी पेट्रोल द्यायचा मोह होतो, त्याला हा आकडा लगाम घालतो.

शेवटची मोजणी त्याच पटांगणात, त्याच जागी: २८०० आरपीएमला ८८ ए, म्हणजे नव्या मूळ सायलेन्सरपेक्षा एकानं कमी. सी आणि ए मधला फरक ९ वरून १४ वर गेला. आयडलवर दहा पावलांवरून प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि उघड्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल हळू उघडला की घुमट भरल्यासारखा आवाज येतो. खिडक्यांची तावदानं वाजत नाहीत. तरीही त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालयासमोरून आणि सीबीएस बस स्थानकाजवळ न्यायालयासमोरून थ्रॉटल बंद ठेवूनच जावं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरलेलं असतं, आणि खोल आवाज भिंतीतून आत जातो. त्याला ए चा आकडा अडवत नाही.

खर्च: पत्रे आणि जाळी ९००, रोलिंग-लेथ ६००, टिग १,२०० (चीर पडल्यावरचं दुसरं वेल्ड धरून), नीडल मॅट आणि स्टेनलेस वूल ४५०, जेट, क्लॅम्प, बुश, पेस्ट ५५०. एकूण ३,७०० रुपये.

वूल साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला पुन्हा भरावं लागेल. ए चा आकडा ३ नं वाढला किंवा बाटलीचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा जास्त पिवळा-निळा पडला, की तिथलं वूल सरकलं असं समजायचं. पावसाळ्यात दर महिन्याला खालच्या ३ मिलिमीटरच्या भोकात बारीक तार घालून पाहायचं. तार ओली निघाली तर भोक चालू आहे. कोरडी काळी निघाली तर काजळीनं बुजलंय, आणि पाणी आत साठतंय.